पाऱ्याचं पारणं

माहेर सुनं होतं.

सोनाळी नदीच्या काठावरच्या त्या प्रयोगशाळेचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण दारावर निळ्या अक्षरांत 'माहेर' एवढंच रंगवलेलं होतं. ते नाव डॉ. यामिनी दिघोरेनं ठेवलेलं. आत काचेचे हौद ओळीनं मांडलेले, त्यांत झुळझुळतं पाणी, तळाशी निवडून आणलेली बारीक वाळू. लेक यायची म्हणून अंथरूण-पांघरूण झटकून ठेवावं तशी सगळी तयारी होती. लेकी मात्र आल्या नव्हत्या. एका कोपऱ्यातल्या हौदात तेवढी एक मरळ संथपणे कल्ले हलवत पडली होती. कपाळावर मोहरीएवढी काळी टिकली. पण ती घरचीच. इथेच जन्मलेली, प्रात्यक्षिकासाठी नदीच्या गाळातले किडे चारून वाढवलेली. तिनं नदी कधी पाहिलीच नव्हती.

यामिनी त्या हौदाच्या काचेला बोट लावून उभी होती. मागे डॉ. पाठराबे खुर्चीत बसून श्रुतलेखकाला, म्हणजे ऐकेल ते टिपून घेणाऱ्या यंत्राला, अहवाल सांगत होते. पाठराबे नदी प्राधिकरणाचे परीक्षक. एके काळी नागपुरात त्यांनीच यामिनीला रसायनशास्त्र शिकवलं होतं, म्हणून आज दोघांनाही एकमेकांकडे पाहणं जड जात होतं.

"लिही," ते यंत्राला म्हणाले, "सोनाळीच्या उगमाकडच्या टेकडीत गोऱ्यांच्या अमदानीत सोन्याची खाण होती. दगड दळायचे आणि त्या पिठावर पारा ओतायचा. पारा सोन्याच्या कणांना बिलगतो. मग तापवून पारा उडवला, की सोनं मागे उरतं."

"आणि सोनं विलायतेला गेलं, पारा इथेच राहिला. तेही लिहा की, सर."

"अहवालात टोमणे नसतात, यामिनी."

"म्हणूनच अहवाल कोणी वाचत नाही."

पाठराबे ओठांतल्या ओठांत हसले आणि पुढे सांगू लागले. "खाण बंद पडून पिढ्या लोटल्या, तरी पारा नदीच्या गाळात तसाच आहे. गाळातले जिवाणू त्याचा मिथिल-पारा करतात आणि खरं विष ते. ते शेवाळात शिरतं, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून बारक्या मासोळीत, मासोळीतून मरळीत. प्रत्येक पायरीवर दाट होत जातं. या क्रियेला आपण विषचढण म्हणतो. सगळ्यात वरच्या पायरीवर मरळ—"

"मरळ नाही, सर. सगळ्यात वरच्या पायरीवर माझे बाबा."

श्रुतलेखकानं तेही टिपून घेतलं. पाठराब्यांनी ते खोडायला सांगितलं नाही.

तिचे बाबा तुळशीराम दिघोरे साऱ्या ढिवर टोलीत, म्हणजे मासेमारांच्या त्या वस्तीत, जाळं विणण्यात नावाजलेले होते. यामिनी शाळेत असताना त्यांची बोटं थरथरायला लागली. आधी सुईत दोरा जाईना, मग घास तोंडात जाईना. टोलीतल्या बहुतेक जुन्या माणसांचं तेच झालं आणि मग मासेबंदी आली. गाव नदीत पाय सोडून बसायचं, पण नदीचं काही खायचं नाही. ढिवरांनी त्या बंदीला नाव दिलं होतं 'उपास'. सरकारी माणूस बंदी म्हणायचा, टोली उपास म्हणायची. बंदी उठते; उपासाचं पारणं होतं. दोन्हींत फरक आहे.

"आता तुझा प्रयोग तूच सांग," पाठराबे म्हणाले. "माझ्या तोंडून नको."

यामिनी काचेपासून वळली. "बांधजनुक. मरळीच्या यकृतात आम्ही एक जनुक बसवलं. ते मिथिल-पाऱ्याची सेलेनियमशी गाठ मारतं. सेलेनियम सोनाळीच्या खडकात मुबलक आहे. ती गाठ अशी, की पोटातल्या आम्लानं सुटत नाही आणि गाळातल्या जिवाणूंनाही सोडवता येत नाही. विषाचा मुका खडा होतो. तो खडा मरळ कपाळाच्या हाडात साठवते. तीच ही टिकली. टिकली आली, म्हणजे त्या मरळीचं मांस निर्मळ. नदी उपसली तर गाळ ढवळून विष दुप्पट पसरलं असतं, म्हणून आम्ही मरळींनाच विष वेचायला लावलं. पिल्लं डोहात सोडली. मोठी होऊन टिकली आली, की पकडून इथे आणायची. एकेका मरळीबरोबर थोडाथोडा पारा कायमचा नदीबाहेर. टिकली नसलेली मरळ सापडली, तर ती विषारी म्हणून काठापासून दूर पुरायची."

"आणि लोकांना कळावं म्हणून तू गाणं केलंस."

"केलं." तिनं ते म्हणून दाखवलं नाही, पण टोलीत लहानथोरांना ते पाठ होतं:

टिकली कपाळी गं माझ्या मरळबाईला
धाडा तिला माहेरी, तिच्या सोनाळी आईला

"किती आल्या माहेरी?"

यामिनीनं रिकाम्या हौदांकडे पाहिलं. उत्तर समोरच होतं.

"गावात दर महिन्याला आपला माणूस जातो," पाठराबे सौम्यपणे म्हणाले. "टिकलीवाली आहे का घरात, विचारतो. नाही म्हणतात. पुरलेल्या मरळीही कमी कमी होत गेल्या आणि यंदा एकही नाही. म्हणजे जुन्या मरळी संपल्या आणि नव्या तगल्या नाहीत. आपलं यंत्रजाळं बोटभर पिल्लं धरतं, अख्खी दळतं, पारा मोजतं. तो आकडा जिथल्या तिथे आहे. गाळातला एकूण पाराही तेवढाच. जनुक नदीत विरून गेलं, पोरी. आज अहवाल गेला, की नळनदीचं काम मंजूर होईल."

नळनदी हा दुसरा उपाय होता. सोनाळीचं पाणी टेकडीपाशीच मोठ्या नळांत घ्यायचं, थेट वैनगंगेत नेऊन सोडायचं आणि मधल्या कोरड्या पात्रावर सिमेंटचं झाकण घालायचं. पारा गाडला जाईल हे खरं. नदीही गाडली जाईल. आणि नदीच नसेल तर ढिवर टोली कशाला असेल? वर डांबरी रस्ता होणार होता. नकाशात त्याला नावही देऊन झालं होतं.

"मी मोठाईला सांगून येते," यामिनी म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला नको तिनं."

पाठराबे उठले. "मीही येतो. ज्या नदीवर झाकण घालायचं, तिचं तोंड तरी पाहून घेतो."

*

फाल्गुन लागला होता. पळस असा फुलला होता, की रानानं लुगडं बदललं असावं. मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास पायवाटेवर साचून राहिला होता. खाली डोहाचं पाणी हिरवंगार आणि गप्प.

डोहाच्या काठावर बाया जाळं ओढत होत्या. सगळ्यांत पुढे कासोटा खोचलेली कौतिकाबाई. ती यामिनीच्या थोरल्या काकांची बायको, म्हणून तिची मोठाई. टोलीतल्या मच्छीमार बायांच्या सोसायटीची अध्यक्ष तीच. आवाज असा, की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची.

"घ्या, डाक्टरीन आली!" ती ओरडली. "आन संगं कोन व्हय हा? जवाई पाहून आनला का व? जरा पिकला हाय!"

बाया खिदळल्या. पाठराब्यांनी डोक्यावरच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "मी यामिनीचा गुरुजी, बाई."

"मंग बसा गुरुजी. गोट्यावर नका बसू, शेवाळ हाय. आपटान."

"मोठाई, मला तुला काही सांगायचंय," यामिनी म्हणाली.

"थांब ना, जाळं वर येऊन रायलं."

जाळं वर आलं. आत एक मरळ उसळत होती. हातभर लांब, सापासारखं डोकं, अंगावर काळी नक्षी. आणि कपाळावर ठसठशीत, मसुरीएवढी काळी टिकली.

यामिनी पुढे धावली. तोंडातून शब्द निघायच्या आत कौतिकाबाईनं मरळ दोन्ही हातांत धरली, एकीनं तिच्यावरून चिमूटभर तांदूळ ओवाळून पाण्यात टाकले, आणि सगळ्या बाया एका सुरात गाऊ लागल्या. टिकली कपाळी गं माझ्या मरळबाईला. गाणं यामिनीचंच. फक्त पुढे एक कडवं वाढलेलं होतं, जे तिनं कधी लिहिलं नव्हतं:

नको रडू बाई, तुझं माहेर खोल खोल
सासरच्या जाळ्यामंदी तुझं कोनी जानेना मोल

आणि मरळ पाण्यात गेली. एक वळसा, एक बुडबुडा, मग नुसतं हिरवं पाणी.

"मोठाई!" यामिनी किंचाळलीच. "अगं, काय केलंस हे?"

"काय केलं? माहेरी धाडली."

"माहेर म्हणजे आमचं केंद्र! दारावर एवढं मोठं लिहिलंय!"

"लिवलं असन." कौतिकाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोट्टी ज्या दवाखान्यात होते, तो दवाखाना का तिचं माहेर होते व? जिथं माय असते थे माहेर. तुह्या काचेच्या हंड्यात हाय का तिची माय? आन गानं कोनाचं हाय? 'धाडा तिला माहेरी, तिच्या सोनाळी आईला.' म्या जोडलं का ते?"

"ते... ते यमकासाठी होतं, मोठाई!"

"यमक गिमक मले का मालूम! सोनाळी आई मंजे हे," तिनं डोहाकडे हात केला. "जिथं पिल्लं सोडली तुमी, तिथंच आनून सोडतो आमी. कुठं बी सापडो, पार खालच्या बंधाऱ्यात सापडो, पान्याच्या हंड्यात घालून डोक्यावर आनतो. आजवर एक नाई चुकवली."

"पण आमचा माणूस विचारायचा ना, टिकलीवाली आहे का म्हणून!"

"'घरात हाय का' मनून इचारे. घरात कायले ठेवन आमी? लोकाची लेक घरात ठेवाची असते का?"

पाठराबे शेवाळाच्या गोट्यावरच बसले. "एवढी वर्षं," ते स्वतःशी म्हणाले, "एवढा पैसा, एवढी माणसं. आणि सगळं एका यमकात बुडालं."

आता मात्र कौतिकाबाईचा चेहरा उतरला. तिनं एकदा गुरुजींकडे, एकदा पुतणीकडे पाहिलं. आवाज प्रथमच खाली आला. "काहून व यामे? म्या नदीचं वाटोळं केलं का?"

यामिनीला रडू येत होतं आणि हसूही. ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसली. नळनदीचं कसं सांगावं, शब्द जुळवत राहिली. शेजारी जाळं झाडणारी एक बाई मधेच म्हणाली, "आता तं बिनटिकलीची गावतच नाई. आधी आधी लय गावत. खड्डे खंदून खंदून हात दुखले आमचे. आता पाहा तं सगळ्याच सवाष्णी."

यामिनीनं मान वर केली.

"काय म्हणालात?"

"सगळ्याच टिकलीच्या मनते. पोट्टीबी टिकलीची, मायबी टिकलीची."

यामिनीच्या डोक्यात काहीतरी सावकाश वळसा घेत होतं, मघाच्या मरळीसारखं.

"सर," ती म्हणाली, "समजा या बायांनी माझं ऐकलं असतं. टिकली सगळ्यांत आधी कोणाला आली असती?"

"जिच्यात बांधजनुक जोरात काम करतं तिला. उघड आहे."

"म्हणजे आपण आधी कोणाला उचललं असतं?"

पाठराब्यांनी डोहाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सगळ्यात गुणाच्या मरळीला."

"मागे कोण उरलं असतं?"

"जिच्यात जनुक मंद आहे ती. किंवा नाहीच ती. टिकली नसलेली, मांसात विष असलेली." ते आता उभे राहिले होते. "आणि पुढच्या विणीला पिल्लं तिचीच. मग त्यांतल्या गुणाच्या पुन्हा आपण उचलणार. यामिनी... आपणच आपल्या हातानं, पिढीमागून पिढी, ते जनुक नदीतून खुडून काढलं असतं!"

"टिकल्या कमी कमी होत गेल्या असत्या," ती म्हणाली, "आणि आपण जाहीर केलं असतं, की पारा संपला, टिकलीला पाराच उरला नाही. लोकांनी उपास सोडला असता. विषावर."

पळसाचं एक फूल पाण्यावर पडलं.

"आणि यांनी?" पाठराब्यांचं बोट बायांकडे गेलं. "गुणाच्या साऱ्या मरळी वेचून एकाच डोहात आणल्या. बिनगुणाच्या पुरल्या. डोहात टिकलीची जोडी टिकलीशी. पावसाळ्यात पूर आला, की त्यांची पिल्लं साऱ्या नदीत. मुद्दाम निपज करायची म्हटलं, तर मी तरी याहून वेगळं काय सांगितलं असतं? पण मग यंत्रजाळ्याचा आकडा? पिल्लांत पारा तेवढाच कसा?"

"आपण अख्खं पिल्लू दळतो, सर. डोक्यासकट."

टिकली मोठेपणी दिसते, पण खडा साठायला लहानपणीच सुरुवात होते. दळलेल्या पिठात विषाचा पारा आणि गाठ मारलेला पारा एकच दिसणार. कोठीत कुलूपबंद ठेवलेलं आणि अंगणात सांडलेलं एकाच तराजूत टाकून ते वर्षानुवर्षं म्हणत होते, की काहीच बदललं नाही.

"मोठाई," यामिनी म्हणाली, "अजून एक सवाष्ण देशील? मारत नाही तिला. सुईनं चिमूटभर मांस घेते फक्त."

"कान टोचल्यावानी?"

"तेवढंच."

जाळं पुन्हा पडलं. यामिनीनं खांद्यावरच्या पिशवीतून पारदमापी काढला. मरळीच्या पाठीतला कण त्याच्या वाटीत ठेवला. मापीची काडी हलली नाही. पाठराब्यांनी तो हातात घेऊन झटकला, काच पुसली, बटण पुन्हा दाबलं. काडी तशीच निजलेली. मग त्यांनी तो मापी मरळीच्या टिकलीजवळ नेला आणि काडी ताडकन उभी राहिली.

"यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले. आणि खिशातून श्रुतलेखक काढून त्याला: "मघाचं सगळं खोड."

"'माझे बाबा' तेवढं राहू द्या," यामिनी म्हणाली.

कौतिकाबाईला रसायनाचं अक्षर कळलं नव्हतं, पण माणसांचे चेहरे कळत होते. "मंग? केलं का म्या वाटोळं, का नाई?"

"चूक झाली, मोठाई. माझी गाण्यात, तुझी ऐकण्यात. आणि सरांची दळण्यात."

"मंजे तीन चुका!"

"हो. आणि तिन्ही मिळून नदी वाचली."

"हे पाहा," कौतिकाबाई बायांकडे वळली, "डाक्टरकीचा हिशोब असा असते म्हने!"

*

एका दुपारच्या तपासणीवर नदी मोकळी होत नाही. पाठराब्यांनी नळनदी थांबवायला लावली, पण पावसाळा जाऊ दिला, पुराबरोबर पिल्लं खालच्या गावांपर्यंत पसरू दिली, हिवाळा जाऊ दिला. टेकडीच्या पायथ्यापासून वैनगंगेच्या संगमापर्यंत ठिकठिकाणच्या मरळी तपासल्या. डोकं वेगळं, मांस वेगळं. पुन्हा पळस फुलला, तेव्हा कागद आला: मरळीवरची बंदी उठवण्यात येत आहे. वाडीस, शिंगाडा, झिंगे या बाकीच्या मासळीची तपासणी अजून चालू राहील. आणि एक अट. मरळीचं डोकं कोणी खायचं नाही.

अट ऐकून टोलीत हलकल्लोळ झाला. कारण मरळीच्या रश्शात खरी चव असते ती डोक्याची. ते ताटात कोणाला वाढायचं यावरून टोलीत रुसवेफुगवे झालेले. यामिनीनं समजावलं, की खडा पोटात गेला तरी बाधणार नाही, तो जसाच्या तसा बाहेर पडेल. पण तो उकिरड्यावर, शेतात, कुठेही विखुरण्यापेक्षा एका जागी गेलेला बरा. ती जागा कोणती, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

पारण्याच्या दिवशी चुली डोहाच्या काठावरच पेटल्या. कौतिकाबाईनं जवस आणि लाल मिरचीचं वाटण घालून रस्सा केला. पहिलं ताट तुळशीरामांच्या पुढ्यात आलं. त्यांची बोटं आता बरी होणार नव्हती. जे मेंदूपर्यंत पोचलं होतं ते परत फिरणारं नव्हतं, हे यामिनीला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तिनं घास करून त्यांच्या तोंडात दिला. म्हातारा कितीतरी वेळ नुसता चघळत राहिला. डोळे मिटलेले.

"कशी हाय, भाऊजी?" कौतिकाबाईनं विचारलं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"घाला मंग डोळ्यातलं!"

सगळी पंगत हसली. पाठराबे हसता हसता ठसकले. त्यांना रस्सा झेपला नव्हता. तुळशीरामांनी ताटात इकडेतिकडे पाहिलं. "डोकं कुठं हाय?"

"माहेरी जाचं हाय तिले."

"मी नेतो," ते म्हणाले.

यामिनीनं त्यांना हात दिला. मरळीचं डोकं पळसाच्या पानावर होतं, कपाळावर काळी टिकली. खाली डोहाच्या तळाशी अशी कितीतरी कपाळं वाळूत विसावणार होती. हाड झिजेल, खडा राहील, खड्यावर वाळू, वाळूवर गाळ. गोऱ्यांच्या अमदानीत टेकडी फोडून तिच्या दगडाच्या पिठात जो कालवला, तो पारा पुन्हा कणाकणानं दगड होत चालला होता.

मागे बायांनी गाणं धरलं. तुळशीराम गुडघाभर पाण्यात गेले. त्यांनी पान पुढे केलं. हात थरथरला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कारण ते गाणं ओळखून खालून मरळी वर आल्या होत्या, आणि सगळा डोहच हलत होता.